रूबार्ब क्रंबल वरून खुसखुशीत पण खालून लापशी होतोय? दर वेळी? मग हे वाचा

गेली चार वर्षं एप्रिल-मे आला की माझ्या घरी हेच व्हायचं. (रूबार्ब म्हणजे सेलरीसारख्या दिसणाऱ्या आंबट काड्या, इकडे गोडात फळासारख्या वापरतात, आणि क्रंबल म्हणजे फळांच्या थरावर मैदा, बटर, साखर, ओट्सचा चुरा, म्हणजे टॉपिंग, घालून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ.) ओव्हनमधून क्रंबल बाहेर काढला की रंग सुरेख, ओट्स कुठेकुठे कॅरमलसारखे झालेले, घरभर बटरचा वास, आणि चमचा आत घातला की वरचा जेमतेम पाव इंच कुरकुरीत, त्याच्या खाली राखाडी ओला चिकट थर अगदी गार लापशीसारखा, आणि त्याच्याही खाली रूबार्ब पातळ आंबट पाण्यात पोहतोय. नवरा गुपचूप वरवरचं खायचा आणि मुलगा चमच्याने तो ओला थर बाजूला सारायचा. मी बटर वाढवून पाहिलं, पीठ वाढवून पाहिलं, टॉपिंगचा थर दुप्पट करून पाहिला (हे सगळ्यात वाईट, दुप्पट लापशी), आणि दर वेळी मला वाटायचं की चूक टॉपिंगमध्ये आहे. चूक टॉपिंगमध्ये नव्हतीच, निदान मुख्य चूक तरी नव्हती.

आम्ही इंग्लंडमधल्या लीड्सच्या दक्षिणेला राहतो, वेकफिल्डकडे जाताना. वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल या तीन गावांमधल्या पट्ट्याला इकडे रूबार्ब ट्रँगल म्हणतात, आपल्याकडे नागपूर म्हटलं की संत्री तसं इथे रूबार्ब. हिवाळ्यात मोठ्या अंधाऱ्या, ऊब दिलेल्या शेड्समध्ये तो वाढवतात आणि उजेड लागू नये म्हणून मेणबत्तीच्या प्रकाशात काढतात. २०१० मध्ये या शेडमधल्या रूबार्बला, म्हणजे यॉर्कशर फोर्स्ड रूबार्बला, युरोपचं भौगोलिक नावाचं संरक्षणही मिळालं. आमच्या शेजारच्या आजींच्या परसात रूबार्बचं एक जुनं मोठं झुडूप आहे, त्या वसंतात दर आठवड्याला कुंपणावरून काड्यांची जुडी देतात, "हिअर यू आर, लव" म्हणत, आणि इतक्या प्रेमाने दिलेली गोष्ट वाया घालवायची माझ्या जिवावर येतं. म्हणून या वर्षी ठरवलं की याच्या मुळाशीच जायचं.

उत्तर मिळालं ते आईकडून, जिने आयुष्यात रूबार्ब पाहिलेला नाही. सांगलीहून व्हिडिओ कॉलवर होती, मी कॅमेरा त्या भांड्यात धरला आणि कुरकुर केली, तर ती म्हणाली, "अगं, खमंग काकडी करताना काकडी चोचवून पिळून घेतेस की नाही? मग हे का नाही पिळत? साखर घातलीस, पाणी सुटणारच की गं."

खरंच, इतकं साधं. रूबार्बमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. दिसायला सेलरीसारखा टणक, पण चिरून साखर घातली की अर्ध्या तासात बाऊलच्या तळाशी गुलाबी पाणी जमतं, आणि ओव्हनमध्ये उरलेलंही सुटतं. ते पाणी वाफ होऊन वर जातं, वर आपण टॉपिंगचं झाकण ठेवलेलं, त्यामुळे टॉपिंगची खालची बाजू भाजली न जाता वाफेवर शिजते, मोदक उकडावेत तशी. वरून कितीही बटर घाला, खालून वाफवलेलं पीठ वाफवलेलंच राहणार. साखरआंबा करताना कैरीच्या किसाला साखर लावून ठेवली की जे होतं तेच इथे होतंय, फरक इतकाच की साखरआंब्यात आपण ते पाणी आटवतो आणि क्रंबलमध्ये कोणी आटवायलाच नसतं.

मग मी एक प्रयोग केला, तो सांगते म्हणजे विश्वास बसेल. ८०० ग्रॅम रूबार्ब, अडीच सेंटिमीटरचे तुकडे, १२० ग्रॅम साखर लावून तासभर ठेवला. चाळणीत ओतला तर खाली जवळजवळ अर्धा कप रस. मग दोन एकसारखी छोटी भांडी घेतली, एकात हा निथळलेला रूबार्ब, दुसऱ्यात तेवढाच रूबार्ब आणि साखर, पण न निथळता, मी नेहमी करायचे तसा. दोन्हीवर एकच टॉपिंग, दोन्ही एकाच वेळी ओव्हनमध्ये शेजारी शेजारी, ४० मिनिटं. बाहेर काढल्यावर वरून दोघांत काही फरक नाही, जुळ्या बहिणी. पण टॉपिंगचा एक तुकडा चमच्याने उलटा केला तर पहिल्याची खालची बाजू गुलाबी रसाने जराशी ओली पण दाणे सुटे, ओट दिसतोय, दाताखाली येतोय, आणि दुसऱ्याची खालची बाजू गुळगुळीत, बोट लावलं तर बोटाला चिकटली. टॉपिंग तेच होतं बघा. म्हणजे मी चार वर्षं चुकीच्या थराशी झगडत होते.

पहिला उपाय म्हणून हाच: रूबार्बला साखर लावा, तासभर ठेवा, चाळणीत निथळू द्या. पिळायचा मात्र नाही, इथे आईचं ऐकायचं नाही, पिळला तर तंतू सुटतात आणि शिजल्यावर नुसता गर होतो. आणि तो रस टाकून द्यायचा नाही हं! स्टीलच्या छोट्या पातेल्यात मध्यम आचेवर आटवा, मधाइतका दाट झाला की त्यातले तीन-चार चमचे परत रूबार्बवर घाला. सगळी चव आणि बरीचशी साखर त्या रसात असते, तो टाकला तर क्रंबल फिका आणि आंबटढाण लागेल. उरलेला रस गार पाण्यात किंवा सोड्यात घालून प्या, कोकम सरबताची आठवण येते. स्टीलचंच पातेलं म्हणतेय कारण रूबार्ब चांगलाच आंबट आहे, ॲल्युमिनियमच्या भांड्यात आटवला तर धातूची चव येते आणि भांडंही चकाकतं, म्हणजे त्याचा थर रसात गेला.

दुसरी गोष्ट कॉर्नफ्लोअर. निथळल्यावरही रूबार्ब ओव्हनमध्ये पाणी सोडतोच, ते बांधून ठेवायला काहीतरी हवं. ८०० ग्रॅमला दीड टेबलस्पून कॉर्नफ्लोअर पुरतं, ते निथळलेल्या तुकड्यांवर भुरभुरून हाताने हलकं लावायचं. कस्टर्ड पावडर असेल तर तीही चालते, ती मुख्यतः कॉर्नफ्लोअरच असते, शिवाय व्हॅनिलाची चव येते. अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर मुळात १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बनवली, त्यांच्या बायकोला अंडी सोसत नव्हती म्हणून. आपल्यापैकी जे अंडं खात नाहीत त्यांनी त्या गृहस्थांचे आभार मानायला हवेत, कारण क्रंबलमध्ये अंडं नसतंच आणि सोबतचं कस्टर्डही असं करता येतं.

पण कॉर्नफ्लोअर घालून काम संपत नाही, आणि इथे बहुतेक लोक अडकतात, मीही अडकले होते. कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायला जवळजवळ उकळी यावी लागते. मंचुरियनची ग्रेव्ही करताना बघा, आधी पांढुरकी पातळ असते आणि उकळी फुटली की एकदम चकचकीत आणि दाट होते. भांड्याच्या कडेला उकळी लवकर येते, मध्यभागी खूप उशिरा, आणि वरचा रंग तर त्याच्याही आधी येतो. आपण रंग बघून ओव्हन बंद करतो आणि मधलं कॉर्नफ्लोअर कच्चंच राहतं, मग रस पातळ आणि चवीला खडूसारखा. म्हणून रंगाकडे बघू नका, बुडबुड्यांकडे बघा. सुरुवातीला कडेने बारीक बारीक भरभर बुडबुडे येतात, ते पाण्याचे. नंतर टॉपिंगच्या फटींतून, अगदी मध्यभागी, मोठे संथ बुडबुडे यायला लागतात, पिठलं होत आलं की कसं फद् फद् करतं, तसे. ते दिसले की त्यानंतर अजून ५ मिनिटं. माझ्याकडे फॅन ओव्हन १८० ला (बिनफॅनचा असेल तर २००) याला ४० ते ४५ मिनिटं लागतात. उगाच दीड तास ठेवू नका पण, आंबट रसात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळत राहिलं तर परत पातळ पडतं.

रंग आधीच गडद झाला आणि मध्यभागी बुडबुडे नाहीत असं होत असेल तर भांडं एक खण खाली घ्या आणि वर फॉइल नुसता अलगद ठेवा, कडा दुमडायच्या नाहीत. आणि एकदा ओव्हन थर्मामीटर ठेवून बघाच. आमच्या आधीच्या भाड्याच्या घरातला ओव्हन बटणावर १८० दाखवायचा आणि आत १६० होतं, हे मला दोन वर्षांनी कळलं.

भांडंही महत्त्वाचं. मी एक खोलगट गोल काचेचं भांडं वापरायचे कारण ते दिसायला छान आहे आणि लग्नात मिळालेलं आहे. त्यात रूबार्बचा थर सात-आठ सेंटिमीटर व्हायचा, तेवढ्यातून वाफ निघायला वेळच मिळत नाही. आता २० बाय ३० सेंटिमीटरचा पसरट ट्रे घेते, थर अडीच-तीन सेंटिमीटरच्या वर जात नाही.

आता टॉपिंगकडे येते, कारण पाणी सोडवलं तरी टॉपिंग बिघडवायचे दोन-तीन मार्ग आहेतच. माझं प्रमाण: १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम डेमेरारा (जाड दाण्याची तपकिरी) साखर, १२५ ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ आणि थोडी सुंठ पावडर. रूबार्ब आणि आलं ही इकडची ठरलेली जोडी आहे पण सुंठ घालायची सवय आपल्याला वेगळी लावावी लागत नाही. ओट्स जाड घ्या, इथे पाकिटावर जम्बो ओट्स लिहिलेलं असतं. दोन मिनिटांत शिजणारे बारीक ओट्स घेतले तर ते ओव्हनमध्येही शिजतातच, पॉरिजसाठीच बनवलेत ना ते, रस प्यायले की लापशी. घरी तेच असतील तर प्रमाण अर्धं करा आणि बाकी मैदा किंवा बदामाचे काप घाला.

बटर फ्रिजमधून काढलेलं थंड, छोटे चौकोन करून, बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं. शंकरपाळ्यांना मोहन घालून पीठ चोळतो तसंच, आणि परीक्षाही तीच: मुठीत घेऊन दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. मुटका वळत नसेल तर बटर कमी, तो भुगा ओव्हनमध्ये कोरडं पीठ म्हणून राहील. मुटका फुटतच नसेल, कणकेसारखा दबत असेल तर बटर वितळलंय, हात गरम आहेत, सगळं भांडं फ्रिजमध्ये २० मिनिटं ठेवा आणि मग काट्याने फोडा. साखर आणि ओट्स शेवटी, चोळून झाल्यावर, नाहीतर ओट्सचा चुरा होतो. मग एक गोष्ट जी मला कुठल्या पाकिटावर सापडली नाही, शेजारच्या आजींनी दाखवली: चमचाभर थंड पाणी वरून शिंपडायचं आणि काट्याने खरवडल्यासारखं करायचं, की वाटाण्याएवढे, काही बोराएवढे गोळे होतात. हे गोळे हवेतच. सगळं टॉपिंग रव्यासारखं बारीक असेल तर ते रूबार्बच्या फटींत घरंगळतं, खाली बसतं आणि वाफ बाहेर जायला वाटच राहत नाही. गोळे असले की मध्ये फटी राहतात आणि त्यातूनच वाफ निघते. पसरताना हाताने थापायचं अजिबात नाही! मी आधी वडी थापतो तशी नीट सपाट करायचे, दिसायला फार छान, पण ती सपाट पाठ म्हणजेच झाकण.

हे एवढं सगळं करूनही तुमचा ओव्हन साथ देत नसेल, किंवा पाहुणे येणार आहेत आणि धोका नको असेल तर टॉपिंग वेगळंच भाजा. बेकिंग ट्रेवर पसरून १८० ला १५ मिनिटं, मध्ये एकदा हलवून, बिस्किटाच्या रंगाचं होईपर्यंत. रूबार्ब दुसऱ्या भांड्यात उघडाच, बुडबुडे येईपर्यंत. मग वर टॉपिंग घालून दोन्ही मिळून फक्त १० मिनिटं. कडेला जो रस टॉपिंगमध्ये मुरून चिकट टॉफीसारखा होतो तो भाग यात तितका येत नाही, आणि मला तो भाग सगळ्यात आवडतो, म्हणून मी रोज असं करत नाही. पण खुसखुशीतपणाची खात्री शंभर टक्के.

आणि हे खास आपल्या लोकांसाठी. गरम पदार्थ ओव्हनमधून काढला की आपला हात आपोआप झाकणाकडे जातो. माझं एकदा सगळं जमलं होतं, मंडळाच्या पाडव्याच्या जेवणाला न्यायचं होतं, मी ट्रेवर फॉइल घट्ट बसवला, पंचवीस मिनिटांचा ड्राइव्ह, तिथे उघडलं तर फॉइलच्या आतून थेंब टपकत होते आणि वरचा थर मऊ पडला होता. गरम क्रंबल झाकायचा नाही. किमान १५-२० मिनिटं उघडा ठेवायचा, तेवढ्यात रसही आळतो. न्यायचाच असेल तर वर फक्त जाळी किंवा मलमलचं फडकं.

दुसऱ्या दिवशीचा क्रंबल मायक्रोवेव्हमध्ये कधीच कुरकुरीत होणार नाही, १६० च्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं किंवा एअर फ्रायरमध्ये ५-६ मिनिटं ठेवा. फ्रोजन रूबार्ब वापरत असाल तर तो चाळणीत ठेवून पूर्ण वितळू द्या, बर्फाने त्याच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात त्यामुळे ताज्यापेक्षा खूप जास्त पाणी निघतं. कॉर्नफ्लोअर तेवढं अर्धा चमचा वाढवा.

रूबार्ब कुठला आहे हेही बघायला हवं. जानेवारी ते मार्चमधला शेडमधला रूबार्ब बारीक, गडद गुलाबी आणि नाजूक असतो, तो भराभर शिजतो, साखर १०० ग्रॅम पुरते आणि तुकडे मोठे, चार सेंटिमीटरचे ठेवा नाहीतर सगळा विरघळतो. एप्रिलनंतरचा परसातला जाड, हिरवट आणि जास्त आंबट, त्याला वरचं प्रमाण. फार जाड काडी असेल तर आधी उभी चिरून घ्या. रंग हिरवा म्हणजे कच्चा असं नाही, काही जाती हिरव्याच असतात.

एक गोष्ट गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून सांगते: रूबार्बची पानं खायची नाहीत. ती मोठी हिरवी पानं बघून आपल्याला पहिला विचार अळूवडीचा येतो, मलाही आला होता. अळूची खाज चिंच घालून, शिजवून जाते म्हणून हीपण चालतील असं कृपा करून मनात आणू नका. त्यात ऑक्सॅलिक ॲसिड इतकं असतं की ती विषारी मानतात, आणि शिजवून ती सुरक्षित होत नाहीत. बाजारात बहुतेक पानं कापलेल्या काड्याच मिळतात पण कोणी परसातली जुडी दिली तर पानं आधी काढून टाका, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. काड्यांमध्येही थोडं ऑक्सॅलेट असतंच, घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर त्यांना डॉक्टरांना विचारूनच द्या. खाल्ल्यावर दात जरा खरखरीत लागतात तेही त्यामुळेच, कस्टर्ड किंवा साय सोबत घेतली की ते कमी जाणवतं.

परसात लावला असेल तर काडी कापू नका, बुडाशी धरून जरा पिळा देत ओढा, अलगद सुटून येते. आणि जून संपला की ओढणं थांबवा, झाडाला पुढच्या वर्षासाठी ताकद साठवायची असते. आमच्या आजी जुलैमध्ये कितीही मागितलं तरी एक काडी देत नाहीत.

आणि ज्यांना हे सगळं वाचून करावंसं वाटतंय पण जे पुण्या-सांगलीला आहेत आणि रूबार्ब मिळत नाही, त्यांच्यासाठी: कैरी. गेल्या मे महिन्यात गेले होते तेव्हा आईच्या ओटीजीमध्ये केला. जरा पिकायला लागलेल्या, आतून पिवळसर झालेल्या कैऱ्या घ्या, अगदी कोवळी हिरवी नको. साल काढून फोडी, ८०० ग्रॅमला १८० ग्रॅम साखर किंवा तेवढाच चिरलेला गूळ, थोडी वेलची. साखर लावून तासभर निथळायचं, रस आटवायचा, सगळं तसंच. कैरी रूबार्बपेक्षा कमी पाणी सोडते त्यामुळे कॉर्नफ्लोअर एकच चमचा. ओटीजीमध्ये वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवा, भांडं मधल्या खणात, आणि शेवटची १० मिनिटं फक्त खालची, कारण छोट्या ओटीजीत वरचा रंग फार लवकर येतो. आईने पहिला घास घेतला, टॉपिंगचा तुकडा उलटा करून खालची बाजू बोटाने तपासली आणि म्हणाली, "सुटंय की गं." मग स्वतःच उठून साय घेऊन आली.